पाळीव कुत्र्याची ओळख कशी ठेवाल? बिल्ला, मायक्रोचिप आणि ट्रॅकर : कोणतं काम कोण करतं

बेळगाव : दिवाळीच्या फटाक्यांना किंवा मिरवणुकीतल्या डॉल्बीला घाबरून कुत्रा घरातून पळतो. कधी गेट उघडं राहतं आणि तो निघून जातो. आपल्या गल्लीत त्याला सगळे ओळखतात, पण चार गल्ल्या पुढे गेला की तो कुणाचाच नसतो. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतून तर तो शिनोळीकडे सरकला की राज्यही बदलतं. पोलीस ठाणं वेगळं, पंचायत वेगळी, आणि भेटणाऱ्या माणसाला मराठी वाचता येईलच असंही नाही.

अशा वेळी तीन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात. ज्याला कुत्रा सापडला, त्याने कुणाला फोन करायचा? कुत्रा आत्ता कुठे आहे? आणि दोघांनी हक्क सांगितला तर तो कुणाचा, हे ठरवायचं कसं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गळ्यातला बिल्ला देतो, दुसऱ्याचं ट्रॅकर आणि तिसऱ्याचं मायक्रोचिप व कागदपत्रं. दुकानात मात्र एकच वस्तू घेतली की सगळं झालं, असा समज करून दिला जातो. चिप बसवली म्हणजे मोबाईलवर कुत्रा दिसत राहील असं मानणारे मालक बरेच आहेत. तसं होत नाही.

आधी बिल्ला

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर कामाला येणारी वस्तू म्हणजे मोबाईल नंबर कोरलेला धातूचा बिल्ला. त्यासाठी ऑनलाइन मागवायची गरज नाही. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून देणारे कारागीर भांड्यांच्या बाजारात बसतात, त्यांच्याकडे पितळेची किंवा स्टीलची छोटी पट्टी नेली तर काही मिनिटांत नंबर कोरून मिळतो. किल्ल्या बनवणारेही करून देतात. बिल्ला रिंगला लोंबता ठेवला तर झुडपात अडकून किंवा घासून पडतो. म्हणून चप्पल दुरुस्तीवाल्याकडून तो पट्ट्यावरच रिबिट मारून सपाट बसवून घेणं चांगलं.

बिल्ल्यावर दोन मोबाईल नंबर आणि गावाचं नाव एवढं पुरेसं आहे. दुसरा नंबर घरातल्या दुसऱ्या माणसाचा असावा. एकच नंबर असेल आणि नेमका तोच फोन चार्जिंगला लावलेला असेल, तर उपयोग काय? आपल्या भागात एक गोष्ट आवर्जून पाळावी : आकडे इंग्रजी घालावेत. मराठी आकडे कन्नड वाचणाऱ्याला किंवा गोव्यात आलेल्या पर्यटकाला समजतीलच असं नाही. कुत्र्याचं नाव घालायचं की नाही यावर दोन मतं आहेत. नावाने हाक मारली की कुत्रा चोराच्याही जवळ जातो, असं एक म्हणणं. जागा कमी असेल तर नाव सोडून द्यावं, नंबर मोठा घालावा.

पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जावीत. त्याहून सैल असेल तर मागे ओढल्यावर डोक्यावरून निघून येतो, घट्ट असेल तर मान सोलते. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर पंधरा दिवसांनी बघावा लागतो. अनेक घरांत कुत्रा आवारात असला की पट्टा काढून खुंटीला अडकवतात आणि फिरायला नेतानाच घालतात. पण कुत्रा पळतो तो आवारातूनच! साखळीचा पट्टा काढला तरी चालेल, नंबरचा हलका पट्टा गळ्यात कायम राहिला पाहिजे.

क्यूआर कोडचे बिल्लेही आता मिळतात. सापडलेल्या माणसाने मोबाईलने कोड स्कॅन केला की मालकाचा नंबर, लसीची माहिती, औषधं वगैरे उघडतं. जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात असे कोड घातले होते, तेव्हा 'कुत्र्यांचं आधार कार्ड' म्हणून त्याची बातमी सगळीकडे झाली. सोय चांगली आहे. पण ती माहिती कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर असते, कंपनी बंद पडली की कोड मुका होतो. शिवारात रेंज नसते, आणि साध्या फोनवाल्याला तर तो कोड म्हणजे नुसती नक्षी. क्यूआर घ्यायचा तर त्याच्या मागच्या बाजूला नंबर कोरलेला असावा.

मायक्रोचिप म्हणजे नेमकं काय

तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी काचेची कुपी असते. तिच्या आत एक नंबर साठवलेला असतो. पशुवैद्य ती जाड सुईने दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतात. भूल द्यावी लागत नाही. लसीच्या सुईपेक्षा थोडं जास्त टोचतं, एवढंच.

चिपमध्ये बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा गप्प होते. स्कॅनर काही सेंटिमीटरवर आणावा लागतो. म्हणजे कुत्रा आधी सापडलेला असला पाहिजे, कुणीतरी त्याला स्कॅनर असलेल्या ठिकाणी नेलं पाहिजे, आणि मग नंबर दिसणार. चिप उपग्रहाशी किंवा मोबाईल टॉवरशी बोलत नाही.

नंबर १५ आकडी असतो. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ ही दोन आंतरराष्ट्रीय मानकं आहेत आणि त्यांतल्या चिपा १३४.२ किलोहर्ट्झ या लहरींवर वाचल्या जातात. पहिले तीन आकडे एकतर देशाचे असतात (भारताचा क्रमांक ३५६) किंवा ९०० पासून पुढचा चिप बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो. जुन्या पद्धतीच्या ९ किंवा १० आकडी चिपा प्रत्येक स्कॅनरवर उमटत नाहीत. म्हणून चिप बसवण्याआधी पाकिटावर '१५ आकडी, आयएसओ' आहे का, हे मालकाने स्वतः बघावं. पाकिटात बारकोडचे स्टिकर येतात. त्यातला एक लसीच्या कार्डावर चिकटवून घ्यावा आणि एक घरच्या फायलीत ठेवावा.

खरी अडचण पुढे आहे. गाई-म्हशींच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला असतो, त्यावरचा १२ आकडी पशु आधार नंबर सरकारी यंत्रणेत नोंदवलेला असतो. ग्रामीण भागातल्या लोकांना हे चांगलं माहीत आहे. पाळीव कुत्र्यांच्या चिपांसाठी देशभर सगळ्यांनी वापरावी अशी एकच नोंदवही नाही. चिप विकणाऱ्या कंपनीची एक यादी, केनेल क्लबची दुसरी, एखाद्या महापालिकेची तिसरी, तर काही ठिकाणी फक्त दवाखान्याच्या रजिस्टरमधली नोंद. चिप बसवली, पैसे दिले आणि नोंदणीचा फॉर्म तसाच राहिला, तर स्कॅनरवर १५ आकडे दिसतील, पण त्या आकड्यांपुढे कुणाचंच नाव नसेल. चिप बसवल्या दिवशीच विचारायचं : नोंद कुठे केली, तिथे माझा नंबर दिसतो का, आणि नंबर बदलला तर कुणाला कळवायचं? दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी मोबाईलवर ती नोंद उघडून बघितलेली बरी.

दुसरी अडचण स्कॅनरची. प्रत्येक दवाखान्यात तो नसतो, तालुक्याच्या ठिकाणी तर कमीच. आणि चिप जागेवरून सरकू शकते, खांद्याकडे किंवा बाजूला उतरते. त्यामुळे नुसता मानेवर स्कॅनर फिरवून 'चिप नाही' म्हणणं बरोबर नाही. दोन्ही खांदे, छाती, पुढच्या पायांचा वरचा भाग असा सगळीकडे सावकाश फिरवायला हवा. वर्षातून एकदा लसीला नेताना चिप वाचून घ्यावी.

मग चिप कशाला? तर ती काढून फेकता येत नाही. पट्टा कापायला एक सेकंद लागतो. कुत्रा चोरून नेणारा पहिलं काम तेच करतो. महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात कुत्रा दिसला तर चिपचा नंबर आणि आपल्या फायलीतला स्टिकर जुळणं हा भक्कम पुरावा ठरतो.

काही ठिकाणी चिप आता ऐच्छिक राहिलेली नाही. केंद्राच्या २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, कुत्र्यांना चिप बसवायची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. प्रत्यक्षात रस्त्याकडेला टोपलीत पिल्लं विकली जातात, तो भाग वेगळा. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये पाळीव कुत्र्यांना चिप सक्तीची केली. इंग्लंडमध्ये ही सक्ती ६ एप्रिल २०१६ पासून आहे. गोव्यातली आणि इकडची अनेक कुटुंबं पोर्तुगाल, इंग्लंडला जातात, त्यांनी एक क्रम पक्का लक्षात ठेवावा : आधी चिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस युरोपात धरत नाहीत. भारतातून नेताना लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासावं लागतं आणि त्या नमुन्यापासून पुढे तीन महिने थांबावं लागतं. तिकीट काढल्यावर धावाधाव करून हे जमत नाही.

ट्रॅकर : रेंज असेल तिथे

कुत्रा आत्ता कुठे आहे, हे सांगणारी वस्तू म्हणजे पट्ट्याला लावायचा जीपीएस ट्रॅकर. तो उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतो आणि आतल्या सिमकार्डाने ती आपल्या मोबाईलवर पाठवतो. यातलं दुसरं काम नेटवर्कशिवाय होत नाही. शहरात, उघड्या माळावर तो काही मीटरपर्यंत जागा दाखवतो. चोर्ला घाटात, आंबोलीत किंवा खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली की शेवटची जागा दाखवून थांबतो. ती शेवटची जागासुद्धा शोधायला उपयोगी पडते.

घेताना सिम कोणत्या नेटवर्कचं चालतं ते विचारावं. स्वस्तातले बरेच ट्रॅकर फक्त २जीवर चालतात आणि जिओकडे २जी नाहीच. किमतीकडे बघताना वस्तूची किंमत एकदाची, पण सिमचा किंवा ॲपचा खर्च दरवर्षीचा, हा हिशेब आधी मांडावा. पहिलं वर्ष फुकट देऊन पुढे वर्गणी लावणारी योजना असेल तर पाच वर्षांचा आकडा काढून बघावा. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. बॅटरी दर काही दिवसांनी चार्ज करावी लागते, जागा जितक्या वेळा कळवायला लावाल तितकी ती लवकर उतरते. चार्ज करायला काढलेला ट्रॅकर परत लावायचा राहून जातो, हेही घरोघरी होतं. छोट्या जातीच्या कुत्र्याच्या गळ्यात जड डबी बांधू नये.

ॲपलचा एअरटॅग आणि त्यासारखे ब्लूटूथ टॅग हा वेगळा प्रकार. एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ३,१९० रुपये होती. त्यात जीपीएस नाही, सिम नाही. जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी आयफोनला त्याची चाहूल लागते आणि ती जागा मालकाला कळते. टिळकवाडीत, पणजीत, इंदूरच्या राजवाड्याजवळ असे फोन खूप, म्हणून तिथे तो चालतो. चंदगडच्या एखाद्या वाडीबाहेर कुत्रा बसला असेल तर फोनवाला माणूस जाईपर्यंत काहीच कळणार नाही. मालकाकडेही आयफोन लागतो. अँड्रॉइडसाठी गुगलचं असंच जाळं २०२४ पासून सुरू झालं आहे. हे टॅग मुळात किल्ल्या, बॅगा यांच्यासाठी आहेत. अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना दुसऱ्याच्या फोनवर जाते, म्हणजे चोरालाही ती मिळते. आतली नाण्यासारखी बॅटरी कुत्र्याने चावून गिळली तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे टॅग घट्ट खोळीत बसवावा.

ट्रॅकरचा पैसा सगळ्यात जास्त कुठे वसूल होतो, तर मुधोळ कुत्र्यांत. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळची ही जात बेळगाव, सांगली, जत भागात अनेक शेतकरी पाळतात. महाराष्ट्रात तिला कारवान म्हणतात. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे, २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार धरतो. ससा दिसला की मालकाची हाक त्याच्या कानात शिरत नाही, आणि काही मिनिटांत तो दोन शिवारं ओलांडून गेलेला असतो. शिवाय एका रंगाची दोन मुधोळ कुत्री शेजारी उभी केली तर परक्या माणसाला फरक सांगता येत नाही. 'पांढरट, उंच, बारीक अंगाचा' असं जाहिरातीत लिहून काही साधत नाही. या जातीला चिप आणि ट्रॅकर दोन्ही असावेत.

हक्क सांगायची वेळ आली तर

मध्य प्रदेशातल्या होशंगाबादमध्ये, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, २०२० साली एका लॅब्रेडॉरवर दोघांनी हक्क सांगितला. प्रकरण पोलिसांत गेलं आणि शेवटी कुत्र्याची डीएनए चाचणी करावी लागली. कुत्रा पचमढीहून आणला असं एकाचं म्हणणं होतं, म्हणून तिथल्या पित्याशी नमुना जुळवून बघितला गेला. निकाल यायला महिने लागले. कुत्र्याला चिप असती आणि नंबर एकाच्या कागदावर असता तर हा खटाटोप लागला नसता.

कायद्याने कुत्रा ही मालमत्ता आहे. चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. पण ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास सुरू करत नाहीत. म्हणून पिल्लू विकत घेताना पावती घ्या. हजार-दोन हजार वाचवायला 'बिल नको' म्हणणाऱ्याच्या हातात पुढे किंमत दाखवायला काही राहत नाही. ज्याने गावठी पिल्लू रस्त्यावरून उचलून वाढवलं, त्याच्याकडे पावती असणारच नाही. त्याने चिप, लसीचं कार्ड आणि फोटो यांवर भर द्यावा. लसीच्या कार्डावर मालकाचं नाव, कुत्र्याचं वर्णन, तारखा आणि डॉक्टरांचा शिक्का असतो, तो कामाचा पुरावा आहे. चोरी दखलपात्र असेल आणि कुत्रा दुसऱ्या राज्याच्या हद्दीत गेला असेल तर 'आमची हद्द नाही' हे कारण चालत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो.

फोटो काढतानाही थोडी पद्धत हवी. समोरून, दोन्ही बाजूंनी, शेपटीकडून, आणि अंगावरच्या प्रत्येक खुणेचा जवळून. एक फोटो घरच्या माणसासोबत. नाकाचाही एक स्वच्छ फोटो घ्यावा. कुत्र्याच्या नाकावरच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशासारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, कॅनडाच्या केनेल क्लबने १९३८ पासून हा ठसा ओळख म्हणून मान्य केला आहे. कानात किंवा मांडीच्या आत नंबर गोंदण्याची पद्धतही जुनी आहे, पण गोंदण फिकट होतं आणि केस वाढले की वाचता येत नाही.

कानाला कात्रीने पाडलेली खाच मात्र वेगळी. नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्याची ती खूण आहे, मालकीची नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पकडलेल्या कुत्र्याला केंद्रात नंबरचा पट्टा घालतात आणि पुढे पकडल्या जागीच सोडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या आदेशांनंतर शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायची आहेत. बिनपट्ट्याचा पाळीव कुत्रा स्टँडवर सापडला तर गाडीवाल्यांना तो भटकाच दिसणार. त्यामुळे कुत्रा हरवल्याच्या दिवशीच नगरपालिकेच्या केंद्रावर जाऊन बघून यावं, फोनवरच्या उत्तरावर थांबू नये. पालिकेचा परवाना असेल तर तोही बरोबर न्यावा.

आणखी एक गोष्ट कुत्र्यापेक्षा माणसाच्या जिवाशी जास्त निगडित आहे. भटकलेल्या कुत्र्याने कुणाला चावलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच लस सुरू करायची असते, वाट बघायची नसते. त्याच वेळी त्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायची असते. तो ठणठणीत राहिला तर डॉक्टर पुढच्या डोसांचा विचार करू शकतात. पण कुत्रा कुणाचा, लस झाली की नाही, हेच कळलं नाही तर नजर ठेवणार कुणावर? गळ्यातला नंबर इथे चावा बसलेल्या माणसाच्याही उपयोगी पडतो.

हरवल्यावर

जाहिरात मराठी आणि कन्नड दोन्हीत काढावी, गोव्याच्या बाजूला इंग्रजीतही. दूधवाले, पेपरवाले, रिक्षावाले आणि पहाटे फिरायला जाणारे यांना आधी गाठावं. जाहिरातीत एक खूण मुद्दाम लिहू नये, समजा पोटाखालचा डाग किंवा तुटलेलं नख. फोन करणाऱ्याला तीच विचारायची. 'कुत्रा सापडलाय, आधी गाडीभाडं पाठवा' असे फोन येतात. त्यांना आत्ता काढलेला फोटो किंवा व्हिडिओ कॉल मागावा. तो मिळेपर्यंत एक रुपया पाठवू नये, ओटीपी तर मुळीच सांगू नये.

चिपची नोंद असलेल्या ठिकाणी कुत्रा हरवल्याचं कळवून ठेवावं. आणि घर बदललं, सिम बदललं की बँकेला कळवतो तसं तिथेही कळवावं, बिल्ला नवा कोरून घ्यावा.